‘नाक’ बरोबर, ‘नाकात’ चूक: क-च्या जागी त म्हणणाऱ्या मुलाचं प्रकरण

(मी वाचा-उपचाराचं काम करते. मुलाची ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. उच्चारांची उदाहरणं माझ्या टिपणवहीतली आहेत.)

पार्श्वभूमी

मुलगा पाच वर्षं चार महिन्यांचा, घरात फक्त मराठी. काकूला ‘तातू’, कावळ्याला ‘तावळा’, गाडीला ‘दाडी’. अडीच वर्षांचा असताना हे सगळ्यांना गोड वाटायचं. मोठी माणसंही त्याच्याशी ‘बघ, तातू आली’ असंच बोलायची. बोबडे बोल म्हणून यात वावगं काही नव्हतं, तीन-साडेतीन वर्षांपर्यंत पुष्कळ मुलं क-ग च्या जागी त-द म्हणतात आणि कुणी न शिकवता त्यातून बाहेर पडतात. हा पडला नाही. पाचव्या वर्षी बरोबरीची मुलं नक्कल करायला लागली आणि त्याने अनोळखी माणसांशी बोलणं कमी केलं. त्याच्या स्वतःच्या नावाची सुरुवात ग-ने होते. कुणी नाव विचारलं की तो आईकडे बघायचा.

आईवडील माझ्याकडे आले ते जवळजवळ निर्णय घेऊनच. एका डॉक्टरांनी जिभेखालची दोरी आखूड असल्याचं सांगून ती कापून घ्यायला सुचवलं होतं. आईने खुर्चीवर बसता बसता विचारलं, “मॅडम, आधी कापून घेऊ आणि मग तुमच्याकडे येऊ, की आधी तुमचं करू?”

आजोबांचं मत वेगळं होतं. क हा कंठ्य वर्ण, तेव्हा तो घशातून काढायला शिकवायला हवा. ते रोज संध्याकाळी नातवाला समोर बसवून “घशातून, घशातून” म्हणत. त्याचा परिणाम मला पहिल्याच भेटीत ऐकायला मिळाला. ‘क म्हण’ म्हटल्यावर मुलगा आधी खाकरायचा आणि मग ‘त’ म्हणायचा.

अडचण नेमकी कुठे होती

आधी श्रवण तपासून घेतलं. दोन्ही कान ठीक होते. मग साठ चित्रं दाखवून नावं म्हणवून घेतली.

त, थ, द, न, ल, र स्वच्छ. ट, ड, ण आणि ळसुद्धा स्वच्छ. इथेच दोरीच्या निदानाबद्दल मला शंका आली. जिभेखालची दोरी आखूड असेल तर अडतो तो जिभेचा शेंडा. त म्हणताना शेंडा वरच्या दातांना मागून टेकतो. ल म्हणताना तो दातांच्या मुळाशी टेकतो आणि हवा जिभेच्या कडांवरून निघते. र-साठी त्याला एक झटका द्यावा लागतो. ट आणि ळ-साठी तर शेंडा वर उचलून मागे वळवावा लागतो, आणि दोरीची खरी परीक्षा तिथेच होते. हा मुलगा ‘बाळ’, ‘डोळा’, ‘पळाला’ आरामात म्हणत होता. आणि जो क त्याला जमत नव्हता, त्यात शेंड्याचं काही कामच नाही. क म्हणताना शेंडा खालच्या दातांच्या मागे निवांत पडून असतो. उठतं ते जिभेचं मागचं अंग, आणि ते मऊ तालूला जाऊन चिकटतं. वाचकाने आरशासमोर तोंड थोडं उघडं ठेवून ‘का’ आणि ‘ता’ म्हणून पाहावं, फरक लगेच दिसेल.

म्हणजे दोरी आखूड असली तरी तिचा या तक्रारीशी संबंध नव्हता. घराच्या पुढच्या दाराची कडी आखूड आहे म्हणून मागचं दार लागत नाही, असं म्हणण्यासारखं ते होतं.

तरी एक शक्यता उरत होती. जिभेचं मागचं अंग उचलण्याची ताकद किंवा ताबाच नसेल तर? त्याचं उत्तर साठ चित्रांतच होतं, पण पहिल्या दिवशी माझ्या ध्यानात आलं नाही. मी बरोबर-चूक खुणा करत गेले आणि क-च्या रकान्यात ‘बहुतेक चूक’ लिहून मोकळी झाले. दुसऱ्या भेटीत ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकताना कान टवकारले. ‘नाक’ बरोबर होतं. ‘एक’ बरोबर, ‘चाक’ बरोबर, ‘बाग’ बरोबर. मी लगेच विचारलं, “बोट कुठे घातलंस?” तो हसून म्हणाला, “नातात.”

मराठीत लिहिताना ‘नाक’चा क पूर्ण असतो, पण बोलताना शेवटचा अ गळतो आणि शब्द क-वर मिटतो. तिथे त्याला क येत होता. प्रत्यय लागून तोच क पुढच्या स्वराला जोडला गेला की त व्हायचा. एक पण ‘एता’. लोक पण ‘लोतांना’. बाग पण ‘बादेत’. आणखी मजा जोडाक्षरांत होती. ‘धक्का’ आणि ‘पक्का’ बरोबर येत होते, कारण त्यातल्या क्क-ची पहिली अर्धी बाजू मागचं अक्षर मिटवते आणि जीभ आधीच मागे जाऊन बसलेली असते. अनुस्वारही जागेप्रमाणे बदलत होता. ‘अंग’मध्ये ग-च्या आधी ङ ऐकू येई, ‘अंगात’ म्हणताना मात्र ‘अन्दात’, चक्क न. अनुस्वार पुढच्या व्यंजनाची जागा घेतो, हा नियम त्याने काटेकोर पाळला होता. फक्त पुढचं व्यंजनच चुकीच्या जागी होतं.

थोडक्यात, जिभेचं मागचं दार बंद करता येत होतं. उघडताना मात्र तो पुढच्या दाराने बाहेर पडत होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय शस्त्रक्रियेचा. मी आईवडिलांना ‘नाक’ आणि ‘नाकात’चं ध्वनिमुद्रण ऐकवलं. वडील दोनदा ऐकून म्हणाले, “म्हणजे जीभ जड नाहीच.” तरी निर्णय माझ्या एकटीच्या शब्दावर होऊ नये म्हणून त्यांना दुसऱ्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनीही खाण्यात किंवा शेंड्याच्या हालचालीत अडचण नसल्याने कापण्याची गरज नाही असं सांगितलं.

दुसरा पर्याय, थांबणं. वय चार असतं तर मी कदाचित सहा महिने वाट पाहिली असती, कारण शब्दाच्या शेवटी क येणं हे शुभलक्षण आहे. पण मुलगा स्वतःचं नाव सांगायचं टाळत होता. थांबण्याची किंमत तो रोज मोजत होता.

तिसरा, फुंकर मारणं, जीभ बाहेर काढून वरखाली करणं, ओठ चाटणं असे व्यायाम. घरोघरी हेच सुचवलं जातं. उच्चाराविना केलेल्या अशा व्यायामांनी उच्चार सुधारतात याला भक्कम आधार नाही. शिवाय या मुलाच्या जिभेला ताकद कमी नव्हतीच. हा पर्याय मी पाच मिनिटांत बाजूला ठेवला, आणि आजीला ते पटवायला मात्र तीन भेटी लागल्या.

चौथा, जीभ प्रत्यक्ष दाखवणारी साधनं. विद्युत्-तालुलेखनात मुलाच्या दातांच्या साच्यावरून कृत्रिम तालू बनवतात. तिच्यावर अनेक संवेदक असतात आणि जीभ कुठे कुठे टेकली हे पडद्यावर दिसतं. हनुवटीखाली अल्ट्रासाउंडचं यंत्र धरूनही जिभेची पाठ पाहता येते. दोन्ही आमच्या आवाक्याबाहेर होती.

उरले दोन मार्ग. एकात जिभेची जागा शिकवायची. दुसऱ्यात ‘कार–तार’, ‘गोरी–दोरी’ अशा जोड्या घेऊन ध्वनी बदलला की अर्थ बदलतो हे मुलाच्या मनात ठसवायचं. मी आधी जागा आणि नंतर जोड्या असं ठरवलं. हा क्रम बरोबर होता का, याकडे पुढे येते.

काय केलं

पहिलं काम आजोबांना विश्वासात घेणं. कंठ्य हे नाव चुकीचं आहे असं सरळ म्हटलं असतं तर ते उठूनच गेले असते. मी त्यांना ऋक्प्रातिशाख्यातली, म्हणजे ऋग्वेदाच्या उच्चारांचे नियम सांगणाऱ्या जुन्या ग्रंथातली, गोष्ट सांगितली. तिथे क-वर्गाला जिह्वामूलीय, म्हणजे जिभेच्या मुळाशी होणारा, म्हटलं आहे. जुन्या शिक्षाग्रंथांमध्येही, म्हणजे उच्चारशास्त्राच्या ग्रंथांमध्ये, स्थान, म्हणजे जिथे स्पर्श होतो ती जागा, आणि करण, म्हणजे स्पर्श करणारा अवयव, या दोन गोष्टी वेगळ्या मोजतात. आपण मुलाला स्थानाचं नाव सांगत होतो, तेही ढोबळ. त्याला हवं होतं करण. आजोबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे ‘घशातून’ नको, ‘जिभेच्या मागून’ म्हणू.” पुढच्या भेटीपासून खाकरणं थांबलं.

मग मी एक चूक केली, आणि ती पाच भेटी चालली.

माझ्याकडे क-च्या चित्रांचा तयार संच होता: किल्ली, कीटक, केस, केर, किडा. चित्रं छान, मुलाला आवडणारी, म्हणून मी तिथूनच सुरुवात केली. लाकडी पट्टीने शेंडा हलकेच खाली धरायचा आणि ‘की’ म्हणवून घ्यायचं. पट्टी असेपर्यंत काहीतरी जमायचं, ती काढली की ‘ती’. पाचव्या भेटीनंतर मुलगा कंटाळला आणि मीही. घरी जाताना मी स्वतःशीच ‘की, का, कू’ म्हणत होते आणि रस्त्यातच थबकले. क-ची जागा एक नाही. पुढे ई असेल तर जीभ आधीच ई-च्या तयारीने पुढे सरकते आणि कठीण तालूच्या कडेला टेकते. पुढे आ, ओ, ऊ असेल तर ती पार मागे राहते. ज्या मुलाची जीभ मुळात पुढे धावते, त्याला मी सगळ्यांत पुढचा क शिकवत होते. कागदावर दोन्हीकडे अक्षर एकच असतं, म्हणून हे डोळ्याला दिसत नाही. स्वर बदलला की व्यंजनाची जागा सरकते हे मी विद्यार्थी असताना परीक्षेत लिहिलं होतं. चित्रांचा संच उचलताना ते आठवलं नाही.

सहाव्या भेटीला संच बाजूला ठेवला आणि जे त्याला येत होतं त्यावर उभं राहिले. ‘धक्का’ येत होता ना? मग ‘धक्का’च घेतला. आधी म्हणायचं, मग मधे थांबायचं: “धक्… का.” थांबताना जीभ जिथे चिकटली आहे तिथेच ठेवायची, सोडायची नाही. आम्ही त्याला तीन शब्द दिले: चिकटव, थांब, सोड. कुठलंही स्पर्शव्यंजन या तीन टप्प्यांतच होतं. हवा अडते, मागे दाबली जाते, मग सुटते. पट्टीऐवजी त्याचं स्वतःचं बोट खालच्या दातांवर ठेवायला दिलं. शेंडा उठला तर बोटाला लागायचा आणि तो स्वतःच ओरडायचा, “आला, आला!” पहिल्या दिवशी वीस-पंचवीस ‘धक्का’ झाले. त्यानंतर ‘ध’ मनातल्या मनात म्हणायचा आणि फक्त ‘क्का’ मोठ्याने. भेटीच्या शेवटी एक स्वच्छ ‘का’ आला. आईने खोलीच्या दारातून मान आत घातली.

त्यानंतरचा प्रवास वेगाने झाला. ‘का’वरून ‘को’, ‘कू’. ‘एक काठी’ जोडून म्हणायचं आणि हळूहळू ‘एक’ गाळायचा. ख जवळजवळ फुकट मिळाला, जागा तीच, फक्त सोडताना जास्त हवा. ग-ला थोडा वेळ लागला, घ-ला अजून जास्त. ‘के’ आणि ‘की’ शेवटी घेतले.

मधल्या आठवड्यांत एक विचित्र टप्पा आला. त्याचा क धड क वाटेना, धड त वाटेना. ध्वनिमुद्रण दहा वेळा ऐकूनही मला ठरवता येईना, आणि आई एक सांगायची तर वडील दुसरं. अशा वेळी जिभेचा पुढचा आणि मागचा भाग दोन्ही एकदम तालूला टेकत असण्याची शक्यता असते. वाचादोषांच्या संशोधक फियोना गिबन यांनी १९९९ साली विद्युत्-तालुलेखनाच्या आधारे दाखवलं होतं की उच्चारदोष असलेल्या काही मुलांत जिभेचा शेंडा, पाठ आणि कडा वेगवेगळ्या हलत नाहीत, सगळी जीभ मिळून एकच स्पर्श करते. कोणता भाग आधी सुटतो त्यावर कानाला कधी क ऐकू येतो, कधी त. माझ्याकडे साधन नव्हतं, त्यामुळे हा अंदाजच. पण त्या अंदाजामुळे मी ‘चूक’ म्हणणं थांबवलं आणि बोट पुन्हा खालच्या दातांवर आणलं. दोन आठवड्यांत तो धूसरपणा गेला.

मग जोड्या सुरू केल्या: कार–तार, कास–तास, कण–तण, गार–दार, गोरी–दोरी, गात–दात. तो म्हणेल ते चित्र मी उचलायचं. त्याला ‘गोरी’ हवी असताना तो ‘दोरी’ म्हणाला तर मी मुकाट्याने दोरी पुढे करायची, सुधारायचं नाही. पहिल्यांदा तो चिडला. “दोरी नाही, दोरी!” मुलाच्या मनात फरक असतो, तोंडात नसतो. मुलांच्या भाषेचे अभ्यासक जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी १९६० मध्ये अशाच एका मुलाची नोंद केली आहे. आपलाच चुकीचा उच्चार मोठ्यांनी केला तर तो मुलगा नाकारत असे. इथेही तसंच. आई ‘तातू’ म्हणाली की हा ठासून सांगायचा, “तातू नाही, तातू!” पण हातात चुकीचं चित्र पडल्यावर त्याला पहिल्यांदा कळलं की समोरच्याला फरक ऐकूच आलेला नाही. चार वेळा दोरी मिळाल्यावर त्याने बोट दातांवर ठेवलं, मोठा श्वास घेतला आणि म्हणाला, “ग्गोरी.”

काय झालं

अठरा भेटी, साधारण साडेचार महिने. शेवटच्या चाचणीत त्याच साठ चित्रांत क-वर्गाचे जवळपास सगळे शब्द बरोबर आले. गप्पांमध्ये मात्र घाईत, विशेषतः भांडताना, जीभ जुन्या वाटेने जायची.

वाटेत उलटी लाटही आली. क जमल्याच्या आनंदात त्याने त-लाही क करून टाकलं. ‘दार लाव’चं ‘गार लाव’, ‘तोंड’चं ‘कोंड’, आणि मी ताईची ‘काई’ झाले. आई घाबरून फोनवर म्हणाली, “आता हे काय नवीन?” मुलगा नियम ताणून पाहत होता, एवढंच. तीन आठवड्यांत दोन्ही रांगा आपापल्या जागी गेल्या.

नाव विचारल्यावर आता तो आईकडे बघत नाही. फार हळू सांगतो, पण सांगतो.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या चाचणीत क-चा एकच रकाना ठेवणार नाही. शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी आणि जोडाक्षरात असे चार रकाने हवेत, आणि प्रत्येक नामाचं एक विभक्तिरूपही म्हणवून घ्यायला हवं. ‘नाक’ आणि ‘नाकात’मधला फरक मला पहिल्याच दिवशी ऐकू यायला हवा होता. आईवडील शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याच्या बेतात होते. तो आठवडा महागात पडू शकला असता.

चित्रांचा संच सोयीवरून निवडणार नाही. सुरुवात आ-ओ-ऊ असलेल्या शब्दांपासून. पाच भेटी वाया गेल्या असं मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “काही हरकत नाही हो.” मला हरकत होती, कारण त्या पाच भेटींत मुलाने ‘मला येत नाही’ हे वाक्य पाठ केलं होतं.

जोड्या आधी घ्यायच्या की जागा आधी, यावर माझं मत या मुलानंतर डळमळलं आहे. शब्दाच्या शेवटी क येत असलेल्या मुलाला जिभेची जागा ठाऊकच असते. त्याला कमी पडते ती गरज. ‘गोरी–दोरी’चा खेळ तिसऱ्या-चौथ्या भेटीला आणला असता तर कदाचित बोट दातांवर ठेवण्याची कल्पनाही त्यालाच सुचली असती. उलट ज्याला कुठेच क येत नाही त्याला हा खेळ आधी दिला तर नुसता राग येईल.

घरच्यांशी बोलताना मी जिभेचं चित्र उशिरा काढलं. चेहऱ्याची बाजूने रेघ, आत जीभ, वर तालू, एवढं कागदावर आल्यावर आजोबा, आजी, वडील सगळे एका भाषेत बोलायला लागले. ते पहिल्या भेटीलाच व्हायला हवं होतं.

तीन महिन्यांनी पाहणीसाठी बोलावलं तेव्हा मुद्दाम अवघड शब्द काढले, ज्यांत जिभेला पुढे-मागे दोन्हीकडे धावावं लागतं: कात्री, गादी, कुत्रा, तिकीट. ‘कात्री’ आणि ‘गादी’ नीट आले. ‘कुत्रा’ एकदा ‘कुक्रा’ झाला, मग त्याने स्वतःच सुधारला. ‘तिकीट’ची कहाणी मोठी होती. साडेचार महिन्यांत तो ‘तितीट’पासून ‘किकीट’पर्यंत सगळीकडून फिरून आला होता. या वेळी त्याने थांबून, तोलून ‘तिकीट’ म्हटलं. मी म्हटलं, आता भरभर पाच वेळा. पहिले दोन ‘तिकीट’, पुढचे तीन ‘टिकीट’. वडील काळजीने माझ्याकडे बघायला लागले. मीही भरभर बोलताना टिकीटच म्हणते. बरोबरची खूण केली आणि फाइल मिटली.